चंद्र इथला की तिथला

आधी एक कबुली देतो. पुढे जे लिहितो आहे त्यातलं किती जसंच्या तसं घडलं आणि किती मी इतकी वर्षं मनात घोळवून गुळगुळीत केलं, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. प्रवास खरे आहेत, माणसं खरी आहेत, अंतरं तर मी पुन्हा मोजून पाहिली. बोलण्याच्या बाबतीत मात्र माझ्यावर फार विसंबू नये. माझ्या बायकोला, सुमतीला, हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "होतात त्यापेक्षा तुम्ही यात जरा कमी हट्टी दिसताय." तेवढी दुरुस्ती वाचणाऱ्याने करून घ्यावी.

असे किस्से साठतात ते सुटकेसच्या मुठीला लागलेल्या एअरलाइनच्या कागदी पट्ट्यांसारखे. प्रत्येक प्रवासात एक चिकटते, जुनी कुणी काढत नाही, आणि शेवटी मूठ दिसेनाशी होते.

नव्वदच्या दशकात आम्ही काही मंडळी बेंगळुरूला, मल्लेश्वरमच्या एका मराठी वाचनालयात रविवारी सकाळी जमायचो. बहुतेकांची मुलं अमेरिकेला गेली होती, आणि त्यांच्या मागोमाग बाळंतपणं करायला आया निघाल्या होत्या. पृथ्वीवरची अंतरं कशी मोजायची याचं गणित मी तीस वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे विमानाचा प्रश्न निघाला की तो माझ्या खुर्चीपाशी यायचा. किती लांब, किती तास, ती तिकडे पोचेल तेव्हा इकडे किती वाजलेले असतील. मी उत्तरं देत गेलो. त्यातलं एक उत्तर रुक्मिणीअक्कांच्या जिवावर बेतलं. बाकीचे किस्से साधे आहेत. तो एक सांगायचा आहे म्हणून हे सगळे सांगतो.

* * *

सुरुवात शंकररावांपासून झाली. ते मूळचे निपाणीचे, फोन बनवणाऱ्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, राहायला शहराच्या उत्तर टोकाला, येलहंकाला. त्यांच्या पत्नी कमलताई न्यूयॉर्कला सुनेच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. कुटुंबातला पहिलाच विमानप्रवास.

"सर, किती तास लागतील?" शंकररावांनी विचारलं.

वाचनालयात एक पृथ्वीचा गोल होता. मी पुस्तकं बांधायचा दोरा घेतला, एक टोक बेंगळुरूवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. दोरा रशियावरून, नॉर्वेवरून जाऊन ग्रीनलंडच्या टोकाला शिवून उतरला. सगळ्यांना तो सरळ पश्चिमेला जाईल असं वाटलं होतं.

"एवढ्या बर्फावरून कशाला नेताय तिला?" शंकरराव म्हणाले. "समुद्रावरून न्या. खाली निदान कोळी तरी असतात."

मी म्हणालो, हाच जवळचा रस्ता. साडेतेरा हजार किलोमीटरला थोडं कमी. ताशी नऊशेचा वेग धरला तर पंधरा तास.

ठरल्या दिवशी शंकरराव पंधरा तास मोजून फोनपाशी बसले. फोन आला एकतिसाव्या तासाला. मधले सोळा तास ते अंघोळीलासुद्धा उठले नव्हते. मुंबईला सहा तास थांबणं, लंडनला चार तास थांबणं, वाटेतला वळसा, उतरल्यावरच्या रांगा, हे मी धरलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते आले आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमचा दोरा मध्ये कुठे उतरत नाही. विमान उतरतं."

* * *

त्यानंतर मी दोऱ्याच्या जागी कागद आणला. लांब अरुंद कागद, त्यावर बेंगळुरूच्या घड्याळाप्रमाणे एकेक तास, समोर त्या वेळी विमान कुठे असेल, बाहेर दिवस की काळोख, जेवण कधी, औषध कधी. मंडळी त्याला तासपट्टी म्हणायला लागली. प्रत्येकीची मी दोनदा तपासायचो, सुमती झोपली की तिसऱ्यांदा. एक प्रत बाईंच्या पर्समध्ये, एक घरच्या फोनजवळ.

कमलताई सहा महिन्यांनी परत आल्या तेव्हा त्यांच्या हातावरचं घड्याळ बेंगळुरूचीच वेळ दाखवत होतं. मला वाटलं, उतरल्यावर लगेच लावून घेतलं असेल. तर नाही. सहा महिन्यांत त्यांनी काटा हलवलाच नव्हता.

"गोंधळ नाही झाला?" मी विचारलं.

"तिथली वेळ सांगायला तिथल्या भिंतीवर घड्याळं आहेत की," त्या म्हणाल्या. "हे हातातलं यांच्यासाठी. आता उठले असतील, आता गोळी विसरले असतील."

शंकरराव खिडकीबाहेर पाहत होते. त्या सहा महिन्यांत ते गोळी किती वेळा विसरले, ते मला माहीत होतं. 

* * *

माझ्या काळजीचाही एक किस्सा मंडळी सांगतात, तो मीच सांगून टाकतो.

शंकरराव स्वतः अमेरिकेला निघाले तेव्हा येलहंकाहून विमानतळापर्यंत सगळं शहर ओलांडायचं होतं. तेव्हाचा विमानतळ शहराच्या दुसऱ्या अंगाला. मी हिशेब केला: रिक्षा पंक्चर झाली तर, हेब्बाळला रस्ता अडला तर, एखादा मोर्चा असला तर. दुपारी चारच्या विमानासाठी मी त्यांना सकाळी नऊला घराबाहेर काढलं आणि सोबत गेलो. पंक्चर झालं नाही, मोर्चा नव्हता. तरी पावणेदोन तास लागलेच.

रिक्षावाला सामान उतरवताना बोर्डाकडे पाहून कानडीत काहीतरी म्हणाला. शंकररावांनी मला मराठी करून सांगितलं: "तो म्हणतोय, तुमचं विमान अजून मुंबईहून इकडे यायला निघालं नसेल."

मग तेच पुढे म्हणाले, "येलहंका ते इथे पावणेदोन तास. इथून मुंबई दीड तास. सर, हे तुमच्या दोऱ्यात कुठे बसतं?"

 

* * *

याच शंकररावांनी तिकडून परतण्याआधी कमलताईंना पत्र टाकलं. ते स्वतः दोन दिवसांत पोचले, पत्र सतराव्या दिवशी. पोस्टमनच्या हातातून ते त्यांनीच घेतलं आणि न उघडता बायकोला दिलं. म्हणाले, "तुझं आहे. मोठ्याने वाच."

पत्रात लिहिलं होतं, मी येईपर्यंत मोरीच्या नळाचं काम काढू नकोस, तुला जमणार नाही.

नळाचं काम ते यायच्या आदल्या दिवशीच होऊन गेलं होतं. कमलताईंनी घडी घातली आणि म्हणाल्या, "वेळेवर आलं असतं तर ऐकलं असतं."

* * *

आता रुक्मिणीअक्का. त्यांचं घराणं चार-पाच पिढ्या बेंगळुरूत, चिकपेटेत साड्यांचं दुकान. मराठी घरात बोलायचं, बाहेर कानडी, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या. मला त्या अण्णा म्हणायच्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, दुकान मुलगा प्रभाकर पाहायचा. वाचनालयात त्या मासिकं चाळायला यायच्या आणि कोपऱ्यात बसून सगळं ऐकायच्या.

एकदा त्यांनी मला विचारलं, "अण्णा, पृथ्वी फिरते म्हणता ना? मग विमान वर जाऊन स्वल्प थांबलं तर अमेरिका आपोआप खाली येणार नाही का?"

प्रश्न उत्तम होता. मी खूश झालो. हवा पृथ्वीबरोबर फिरते इथपासून सुरुवात केली, वारे, वेग, जाताना जास्त वेळ का आणि येताना कमी का, फळ्यावर आकृती. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील.

अक्का शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग कानडीत 'ठीक' म्हणतात तसं म्हणाल्या, "सरी. म्हणजे नाही येणार."

* * *

त्यांची मुलगी वसुधा न्यू जर्सीला होती. फेब्रुवारीच्या शेवटी तिचे दिवस भरत होते. प्रभाकरने तिकीट काढलं, आणि ते नेमकं संकष्टीच्या दिवसाचं निघालं. त्या आठवड्यात दुसरी सीट नव्हती.

अक्का रविवारी भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन आल्या. चाळीस वर्षांत त्यांची एक संकष्टी चुकली नव्हती. दिवसभर पाणी आणि एक कप दूध, चंद्र पाहून जेवण. कॅलेंडरच्या चौकोनात छापलं होतं, संकष्टी, आणि चंद्रोदयाची वेळ, रात्री साडेनऊच्या सुमारास.

"अण्णा, मी तेव्हा विमानात," त्या म्हणाल्या. "उपास कधी सोडू? चंद्र इथला धरू की तिथला?"

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. दर तासाला विमान कुठे असेल ते काढलं, तिथून चंद्र किती उंचीवर दिसेल ते काढलं. पहाटे अडीचला मुंबईहून निघाल्यावर चंद्र डोक्यावर असेल, लंडन जवळ आलं की डाव्या खिडकीतून दिसेल. पण तो आदल्या रात्री उगवलेला. संकष्टीचा चंद्र त्या दिवशी रात्री उगवायचा, आणि विमान तर पश्चिमेला पळतंय, म्हणजे दिवस लांबत जाणार. अक्का न्यू जर्सीला पोचून सात तास झाले की तो उगवेल, तिथले साडेनऊ. माणूस जिथे असेल तिथला चंद्रोदय धरायचा, हे उघड होतं. निदान मला उघड वाटलं.

तासपट्टीवर मी लिहिलं: "विमानातून दिसेल तो चंद्र कालचा. तो धरू नये."

सुमतीने तो कागद पाहिला. "म्हणजे किती तास उपाशी?"

मी मोजलं. बेंगळुरूहून निघताना संध्याकाळी सातला जेवण. तिथून सदतीस तास.

"अहो, तिला शुगर आहे. इथल्या साडेनऊला खा म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. ती तुम्हाला खगोल विचारायला आली नव्हती."

"तिने विचारलंय तेवढंच मी सांगतोय," मी म्हणालो.

शुगरच्या गोळीचाही रकाना मी केला होता. दर बारा तासांनी, बेंगळुरूच्या वेळेप्रमाणे, अगदी बरोबर. डावीकडे गोळीचा रकाना, उजवीकडे उपवासाचा. दोन्ही मी वरून खाली तीनतीनदा तपासले. आडवं वाचून पाहिलं नाही. संकष्टीच्या दिवशी अक्का सकाळची गोळी घेत नसत, त्यांच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. अक्कांनी कागद वाचला, मनात म्हणाल्या असतील, अण्णांनी घ्या म्हटलंय तर विमानात वेगळं असेल.

* * *

त्या उतरल्या त्याच दिवशी तिथल्या रात्री आठला, म्हणजे आमच्या सकाळी साडेसहाला, प्रभाकरचा फोन आला. प्रभाकर कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

अक्का न्यूयॉर्कला पासपोर्टच्या रांगेत खाली बसल्या होत्या. घाम, डोळ्यांपुढे अंधारी. कुणातरी बाईंनी संत्र्याचा रस पुढे केला तर त्यांनी ओठ मिटून घेतले. इंग्रजी येत नव्हतं, का नको ते सांगता येईना. शेवटी तिथल्या दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं. बाहेर वसुधा, नवव्या महिन्यातली, दोन तास दाराकडे बघत उभी. आई विमानात होती की नव्हती, एवढंही तिला कुणी सांगेना.

"आता घरी आहे," प्रभाकर म्हणाला. "बोलतेय. पण अजून काही खात नाही, सर. चंद्र साडेनऊला आहे म्हणते. सलाइन काही तोंडाने घेतलं नाही, म्हणजे उपास मोडला नाही म्हणते. तुमचा कागद दाखवते. वसुधा रडतेय. आमचं कुणाचं ऐकत नाही. तुम्ही सांगा तिला."

आमच्या घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे. कोपऱ्यावरचा बूथ सातला उघडायचा. मी पावणेसातपासून शटरसमोर उभा होतो. फोन लागला तेव्हा तिथले साडेआठ वाजले होते.

वसुधाने उचलला. लगेच आईकडे दिला.

"अक्का," मी म्हणालो, "खाऊन घ्या."

"अण्णा?" आवाज खोल गेला होता. "चंद्र चुकीचा काढलात का?"

मी हो म्हणायला हवं होतं. हो, चुकला, इथला साडेनऊचाच धरायचा होता, तो कधीच होऊन गेला, खा. एक शब्द. माझ्या तोंडाशी आला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि आज स्वतःवर विश्वासही ठेवत नाही.

"नाही," मी म्हणालो. "गणित बरोबर आहे. पण तुमची तब्येत..."

"सरी," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे ना? मग एकच तास राहिला. थांबते स्वल्प."

बूथवाल्याने मला बसायला स्टूल दिलं. मी पैसे देऊन निघालो.

* * *

अक्का सावरल्या. चौथ्या दिवशी वसुधाला मुलगी झाली, आणि अक्कांनी सगळं बाळंतपण केलं. ऑगस्टमध्ये परत आल्या तेव्हा प्रभाकर त्यांना घेऊन आमच्याकडे आला. तो चपला न काढता दारातच उभा राहिला. मला एवढंच म्हणाला, "सर, त्या कागदावर तुम्ही सगळं लिहिलं होतं. फक्त 'जेवा' असं कुठे लिहिलं नव्हतं."

अक्का त्याच्यावर रागावल्या. "तू गाडीत बस," म्हणाल्या. मग सुमतीच्या हातात चॉकलेटचा डबा दिला, तिच्याकडून नातीच्या फोटोंचं कौतुक करून घेतलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"अण्णा, बरोबर आला हो तुमचा चंद्र. समोर झाडं होती म्हणून दहा मिनिटं उशिरा. वसुधाने मला तिचा कोट घातला, खाली बर्फ, आम्ही दोघी बाहेर उभ्या. आला तसा मी नमस्कार केला आणि मग राजगिऱ्याचा लाडू खाल्ला."

मी विचारायला नको होतं. पण माझा स्वभाव. "विमानातून दिसला होता का? डाव्या खिडकीतून?"

"दिसला की. तुम्ही सांगितल्या ठिकाणीच. एका बाजूने झिजलेला, पण एवढा जवळ मी कधी पाहिला नव्हता. लाडवाची पुडी मांडीवरच होती." त्या जरा हसल्या. "हात जोडायला गेले आणि मग आठवलं, हा धरायचा नाही म्हणालात. डोळे मिटून घेतले."

सुमती उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज बराच वेळ आला, तेव्हा आमच्याकडे भांडी घासायची राहिली नव्हती.

त्यानंतर मी कुणाला तासपट्टी करून दिली नाही. डोळे साथ देत नाहीत असं सांगितलं. शंकरराव म्हणाले, "सर, दोराच बरा होता," आणि विषय तिथे संपला.

अक्का पुढे नऊ वर्षं होत्या. गेल्या त्या वेगळ्याच दुखण्याने, घरी, सगळी माणसं जवळ असताना. त्यांच्या तेराव्याला गेलो असताना प्रभाकरच्या देवघरात जुनी पंचांगं एकावर एक रचलेली दिसली. अक्का एकही टाकत नसत. मी त्या वर्षाचं मागितलं. प्रभाकरने काढून दिलं.

मी तेव्हा चंद्रोदयाची वेळ पाहिली होती, कॅलेंडरच्या चौकोनातली. तिथी कधी लागते आणि कधी संपते, हे पाहिलं नव्हतं. तिथी सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी बदलते, तिला गाव नसतं, आणि हे मी वर्गात शिकवलेलं होतं.

चतुर्थी लागली होती अक्का निघाल्या त्या रात्री अकरा वाजून गेल्यावर, त्या मुंबईच्या विमानतळावर बसलेल्या असताना. संपली दुसऱ्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास, आपल्या वेळेप्रमाणे, त्यांचं विमान न्यूयॉर्कला टेकण्याच्या अडीच तास आधी. वसुधाच्या दारात त्या बर्फात उभं राहून त्यांनी ज्याला नमस्कार केला, तो पंचमीचा चंद्र होता. चतुर्थीचा होता तो खिडकीतला.